गेडचा रंग

अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती १९९३ साली. हुतात्मा चौकातल्या फुटपाथवर घेतलेली जुनी प्रत होती आणि तिला मुखपृष्ठ नव्हतं. हा तपशील एरवी सांगण्याजोगा नाही, पण या लेखापुरता तो महत्त्वाचा आहे. कादंबरीचा नायक गेड हा जादूगार. वाचता वाचता मी तो डोळ्यांसमोर उभा केला, आणि तो गोरा होता. सडपातळ, धारदार नाकाचा, गोरा मुलगा. मुखपृष्ठावरच्या चित्राने मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. मी स्वतः काळीसावळी आहे. माझं लग्न ठरवताना या रंगाची चर्चा आमच्या घरात दोन वर्षं चालली होती. आणि तरीही ज्याच्याबरोबर बेटाबेटांतून हिंडले त्याला मी परस्पर गोरं करून टाकलं होतं.

हे लक्षात आलं नऊ-दहा वर्षांनी, नोकरीतून उरणाऱ्या वेळात या कादंबरीचा अनुवाद करायला घेतला तेव्हा. (तो अनुवाद तिसऱ्या प्रकरणापुढे गेला नाही. मी अनुवादक नाही, विद्यापीठातली अभ्यासकही नाही. ग्रंथालयाची वर्गणी आणि हट्ट, एवढंच भांडवल.) वाचताना ज्या वाक्यावरून डोळा सहज पुढे सरकतो, त्याच वाक्यात अनुवाद करताना पाय अडकतो. तिसऱ्या प्रकरणात, रोक बेटावरच्या जादूविद्येच्या शाळेत, गेडला व्हेच नावाचा मित्र भेटतो. हा पूर्वेकडच्या बेटांवरचा, वर्णाने अगदी काळा. त्याचा काळेपणा सांगता सांगता लेखिका केवळ तुलनेसाठी म्हणून सांगून टाकते की गेड, जॅस्पर आणि तिथले बहुतेक लोक लालसर तपकिरी रंगाचे आहेत. बस. नायकाचा रंग असा, दुसऱ्याच्या वर्णनाच्या पोटात, एका उपवाक्यात येतो.

मराठीत मी पहिल्या झटक्यात 'तांबूस' लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिलं तर 'तांबूस'च्या मागोमाग कानाला 'गोरा' ऐकू आला. तांबूस गोरा. म्हणजे माझ्या अनुवादातही गेड पुन्हा गोराच झाला होता. 'गहूवर्णी' लिहावं तर तो स्थळांच्या जाहिरातीतला शब्द. 'सावळा' लिहावं तर डोळ्यांपुढे विठ्ठल उभा राहतो. शेवटी न घासलेल्या तांब्याच्या भांड्याची उपमा वापरून वेळ मारून नेली. त्या एका वाक्यावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि तिथूनच हा विषय मागे लागला. फँटसी कादंबरीत माणसांचा रंग नेमकं कोणतं काम करत असतो? आणि ती कादंबरी पडद्यावर आणताना नट निवडणारे लोक त्या कामाचं काय करतात?

*

१९६८ साली बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाने ही कादंबरी काढली तेव्हा इंग्रजी फँटसीतला नायक गोरा असणं हा नियमही नव्हता. नियम सांगावा लागतो, ही तर हवा होती. टोल्किनची मध्यभूमी उत्तर युरोपच्या पुराणकथांतून आलेली, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी तीच भूमी थोडी थोडी भाड्याने घेतलेली. ले ग्विन यांनी नकाशाच बदलला. अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं. मधल्या द्वीपसमूहात तांबूस-तपकिरी लोक राहतात, पूर्वेच्या टोकाला काळे, आणि ईशान्येच्या चार बेटांवर कार्ग नावाचे लोक. गोरे आहेत ते हे कार्ग. पिवळ्या केसांचे, लुटारू, अर्थसीच्या लिपीवर आणि जादूवर विश्वास नसलेले.

कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात हे गोरे लोक गाँट बेटावर चाल करून येतात. गेड तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा, ब्राँझकाम करणाऱ्या लोहाराचा पोरगा. अजून त्याला त्याचं खरं नावही मिळालेलं नाही. तो धुक्याचा मंत्र म्हणतो, गाव धुक्यात बुडतं आणि भालेवाले कार्ग कड्यावरून खाली जातात. त्याच प्रकरणात त्याचा गुरू ओगिऑन येतो, आणि पुढे त्याचा वर्ण तांब्यासारखा, गाँटच्या बहुतेक लोकांसारखा काळपट असल्याचं लेखिका सांगते. म्हणजे सगळा पुरावा पहिल्या वीस पानांत मांडलेला आहे. हल्लेखोर गोरे आहेत हे वेगळेपण म्हणून सांगितलंय, तेव्हा ज्यांच्यावर हल्ला झाला ते गोरे नसणार. गुरू गावातल्या इतरांसारखा आहे, तेव्हा मुलगाही तसाच असणार. साधं गणित आहे. मी ते केलं नाही. १९६८ सालच्या कितीतरी अमेरिकन मुलांनीही केलं नसणार.

ले ग्विन यांना हेच हवं होतं. पुढे त्यांनी एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे की त्यांनी हे ठरवून आणि गाजावाजा न करता केलं. वाचक आधी गेडच्या अंगात शिरतो, त्याच्या गर्वाने फुलतो, त्याच्या चुकीने घाबरतो, आणि मग कधीतरी त्याला कळतं की आपण ज्या कातडीत बसलोय ती गोरी नाही. तोवर परत फिरायला उशीर झालेला असतो. लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा क्रोबर यांनी याही जमातीतला शेवटचा माणूस इशी याचं चरित्र १९६१ साली लिहिलं. 'आपण' आणि 'ते' ही विभागणी कुठून पाहिली यावर अवलंबून असते, हे त्या घरात वाढलेल्या मुलीला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

दुसऱ्या कादंबरीत, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (१९७१) मध्ये, त्या कॅमेरा उलटा फिरवतात. आता कथा कार्ग लोकांतल्या टेनार या गोऱ्या मुलीची आहे. ती अंधाऱ्या भुयारांची पुजारीण. त्या भुयारात शिरलेला सावळा चोर आपण तिच्या नजरेने पाहतो, आणि तो चोर म्हणजे आपला गेड. जो रंग पहिल्या पुस्तकात उपवाक्यात होता तो इथे परका, संशयास्पद होऊन समोर येतो. मग १९९० साली 'तेहानू' येते. टेनार आता गाँट बेटावर शेतकऱ्याची विधवा म्हणून राहते आणि गावकरी तिला 'गोहा' म्हणतात. गोहा हे तिथल्या एका लहान पांढऱ्या कोळ्याचं नाव. ती गोरी, चणीने लहान आणि सूत चांगलं कातते, म्हणून. मला हे नाव फार आवडतं. गोरेपणा हीच नोंद घेण्याजोगी, थोडी चेष्टेची गोष्ट आहे असं एक जग लेखिकेने बावीस वर्षांत इतकं पक्कं केलं की तिथल्या बायाबापड्या गोऱ्या बाईला टोपणनाव ठेवतात.

रंगाचं काम म्हणजे हे. गेडचा वर्ण हा त्याच्या डगल्याच्या रंगासारखा बदलता येणारा तपशील नाही. कोण घरचं आणि कोण बाहेरचं, कोण कुणाला रानटी म्हणतं, वाचक स्वतःला कुठे उभा करतो, ही सगळी मांडणी त्याच्यावर तोललेली आहे.

*

पडद्याला उपवाक्य नसतं. कॅमेरा गेडला दोन प्रकरणं मोघम ठेवून तिसऱ्यात 'आणि हो, तो गोरा नव्हता' असं म्हणू शकत नाही. पहिल्या चौकटीत चेहरा आला की रंग आला. तेव्हा ले ग्विन यांची युक्ती जशीच्या तशी पडद्यावर आणणं मुळातच अशक्य आहे, आणि रूपांतर करणाऱ्यांच्या बाजूने एवढं तरी मान्य केलं पाहिजे. ती युक्ती गमावल्यावर तिच्या जागी काय ठेवायचं हा खरा प्रश्न.

अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीने डिसेंबर २००४ मध्ये दोन भागांची मालिका दाखवली. दिग्दर्शक रॉबर्ट लीबरमन. गेडच्या भूमिकेत शॉन अॅशमोर हा गोरा कॅनेडियन नट. त्याच्याभोवतीचं जगही जवळजवळ सगळं गोरं. गोऱ्या बेटावर गोरे सैनिक चाल करून येतात, तेव्हा पहिल्या प्रकरणातली ती लढाई उरते, पण तिच्यातला अर्थ उरत नाही. कोणत्याही दोन राजांचं भांडण असावं तशी ती दिसते. टेनारची निवड तर आणखी मासलेवाईक. जी एकमेव महत्त्वाची व्यक्ती पुस्तकात गोरी आहे, तिच्या भूमिकेत क्रिस्टिन क्रूक, आईकडून चिनी वंशाची नटी. तिच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण पुस्तकातला सावळा पुरुष गोरा आणि गोरी बाई मिश्र वंशाची, असा नेमका उलटा हिशेब झालेला पाहून वाटतं की निवडणाऱ्यांनी पुस्तकातल्या रंगांकडे पाहिलंच नसावं. पाहून केलं असतं तर निदान एका बाजूला तरी चूक झाली नसती.

ओगिऑन मात्र डॅनी ग्लोव्हर, म्हणजे कृष्णवर्णी. तो मालिकेचा बचाव म्हणून पुढे केला जातो. मला ती निवड सगळ्यांत जास्त खटकते. सबंध गाव काळंसावळं असताना त्यातला गुरू काळा असणं ही एक गोष्ट. गोऱ्या नायकाला वाट दाखवायला एकच शहाणा काळा म्हातारा असणं ही अगदी वेगळी गोष्ट, आणि हॉलिवूडने ती शेकडो वेळा केलेली आहे. नायकाला शहाणपण द्यायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्या म्हाताऱ्याचं काम.

आणि एक उलथापालथ, जिचा रंगाशी वरवर संबंध नाही. अर्थसीत प्रत्येकाला दोन नावं असतात. चारचौघांत वापरायचं एक, आणि खरं एक, जे कळलं की माणूस तुमच्या मुठीत येतो. पुस्तकात 'गेड' हे खरं, गुप्त नाव आणि 'स्पॅरोहॉक' हे चारचौघांतलं. मालिकेत ही दोन नावं अदलाबदल केली आहेत. सगळे त्याला उघड गेड म्हणतात. कुणी म्हणेल, त्याने काय बिघडलं, नाव ते नाव. पण ज्या कथेचा सगळा जादूचा व्यवहार 'काय उघड आणि काय झाकलेलं' यावर उभा आहे, तिथे रंग आणि नाव या दोन्ही गोष्टींची झाकण्या-उघडण्याची जागा बदलली गेली. माझ्या मते दोन्ही चुका एकाच वाचनातून आल्या आहेत: नाव आणि रंग ही वरची लेबलं, खरी कथा आत कुठेतरी वेगळी आहे, अशा समजुतीतून.

मालिका दाखवली गेली त्याच आठवड्यात ले ग्विन यांनी 'स्लेट'मध्ये लेख लिहिला. शीर्षकात त्यांनी भिंतीला चुना फासतात त्या क्रियेचा शब्द वापरला होता. करारात त्या सल्लागार होत्या, पण त्यांना सांगण्यात आलं तेव्हा बरंच काही ठरून गेलेलं होतं. लेखातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. त्या म्हणतात की काही वाचकांना पुस्तकातल्या लोकांचा रंग कधी लक्षातच येत नसेल, पण रंगाकडे लक्ष न देण्याची ही चैन फक्त गोऱ्यांना परवडते. आणि त्या सांगतात की मोजक्याच, पण विसरता येणार नाहीत अशा काही गोऱ्या नसलेल्या वाचकांनी त्यांना कळवलं होतं की या प्रकारातली ही एकमेव पुस्तकं आहेत जिथे आम्हाला आत घेतल्यासारखं वाटलं.

इथे मी अडकते. मी गोरी नाही आणि मला दिसलं नव्हतं. लेखिकेने जो दरवाजा माझ्यासारख्यांसाठी उघडा ठेवला होता त्यातून मी आत शिरले, पण आपण आत आहोत हे मला कळलं नाही. रंगाकडे लक्ष न देण्याची चैन मला परवडत होती असं नाही. गोरा नायक हा इतका न सांगता गृहीत धरायचा असतो हे मी आधीच्या शंभर पुस्तकांतून आणि घरातल्या बोलण्यातून पाठ केलेलं होतं. बाईंच्या मताला मी दुरुस्ती सुचवतेय असं नाही, फक्त त्यांच्या यादीत माझ्यासारख्यांची एक ओळ वाढवतेय.

२००६ साली जपानच्या घिबली स्टुडिओने अर्थसीवर अॅनिमेशनपट काढला. दिग्दर्शक गोरो मियाझाकी, पहिलाच चित्रपट. (ऐंशीच्या दशकात हायाओ मियाझाकी यांनी स्वतः परवानगी मागितली होती आणि त्यांचं काम माहीत नसल्याने बाईंनी ती नाकारली होती. नंतर त्यांना याची हळहळ वाटली. हा चित्रपट मुलाकडे गेला.) त्यात नट नाहीत, कातडी रंगवलेली आहे, म्हणजे निवडीला पूर्ण मोकळीक. तरी गेड फार सावळा नाही. यावर ले ग्विन यांनी २००४ सालची भाषा वापरली नाही. अर्थसीचे लोक सावळे करण्यामागे नैतिक हेतू होता आणि तो अमेरिकन व युरोपीय मुलांसाठी होता, हे त्यांनी सांगितलं. जपानमधल्या वंशाच्या प्रश्नाबद्दल आपण बोलण्याइतकं जाणत नाही, हेही सांगितलं. अॅनिमेचे चेहरे पाश्चात्त्य डोळ्याला गोरे वाटतात, जपानी प्रेक्षकाला तसे वाटत नाहीत आणि त्यांना हा गेड अधिक सावळा दिसत असेल असं आपल्याला सांगण्यात आलंय, तसं असेल अशी आशा आहे, एवढंच त्या म्हणाल्या. एकाच लेखिकेने दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळी मापं लावली, याला कुणी पक्षपात म्हणेल. मला वाटतं माप एकच होतं. समोर बसलेला प्रेक्षक काय गृहीत धरून आलाय आणि ते गृहीत हलतंय की नाही, हे ते माप.

*

हा विषय घरी बोलताना माझ्या भाच्याने मला चांगलंच पेचात पकडलं. तो म्हणाला, "मावशी, तुझा गेड गोरा केला तर तो अन्याय. मग 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मधला कॉर्लिस काळा केला तो कसा चालतो? पुस्तकात तर तो गोरा आहे." मी त्याला म्हटलं, "अरे, ते वेगळं आहे," आणि वेगळं काय आहे ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही. शक्तीचा तराजू मुळातच एका बाजूला कललेला आहे वगैरे जे बोलायचं असतं ते बोलले. ते खरंच आहे. पण ते समाजाबद्दलचं उत्तर झालं, कथेबद्दलचं नव्हे. म्हणून मी पुस्तक आणि मालिका दोन्ही शेजारी ठेवून पाहिली.

जॉर्ज मार्टिन यांचं 'फायर अँड ब्लड' (२०१८) ही कादंबरीसारखी कादंबरी नाही, एका पंडिताने लिहिलेली बखर असल्याचा तिचा आव आहे. साधने परस्परविरोधी, एक धर्मगुरू, एक विदूषक, आणि कुणाचं खरं मानायचं हे इतिहासकार तोलत बसलेला. राजकन्या रेनिरा हिचं लग्न लेनॉर व्हेलारिऑनशी होतं. तिला मुलगे होतात. नवरा रुपेरी केसांचा, ती रुपेरी केसांची, मुलं तपकिरी केसांची, आणि शरीररक्षक हारविन स्ट्राँग तपकिरी केसांचा. दरबारात कुजबुज होते. पण पुस्तकात एक पळवाट आहे: लेनॉरची आई रेनिस हिला तिच्या आईच्या बरॅथियन घराण्याकडून काळे केस आलेले आहेत. नातवाने आजीचे केस घेतले असं म्हणता येतं. बखरकाराला संशय शिल्लक ठेवायचा आहे आणि तो ठेवतो.

२०२२ सालच्या मालिकेत कॉर्लिस व्हेलारिऑन झाला आहे स्टीव्ह टूसाँ, म्हणजे सबंध व्हेलारिऑन घराणं कृष्णवर्णी, केस तेवढे रुपेरी. (व्हलिरियाचे लोक कृष्णवर्णी दाखवावेत असा विचार आपल्या मनात एकदा येऊन गेला होता, असं मार्टिन यांनी पूर्वीच सांगितलं होतं.) रेनिसचे केसही इथे रुपेरीच आहेत. म्हणजे पळवाट बंद. रेनिराची मुलं लेनॉरची नाहीत हे दरबारातल्या प्रत्येकाला, आणि दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रत्येकाला, पहिल्या नजरेत दिसतं. पुस्तकातला संशय गेला, आणि तो मला चुकल्यासारखा वाटतो. पण त्याच्या जागी दुसरं काही आलं. म्हातारा राजा व्हिसेरिस आता फसलेला बाप राहत नाही. डोळ्यांसमोर असलेलं न पाहण्याचा हट्ट धरलेला, त्या हट्टावर राज्य टांगून ठेवलेला माणूस तो होतो. आणि कॉर्लिसचा भाऊ व्हेमंड सिंहासनासमोर उभा राहून ती गोष्ट मोठ्याने बोलतो, तेव्हा तो केवळ वारसा मागणारा धाकटा भाऊ नसतो. आमचं रक्त आमच्या घरातून पुसलं जातंय आणि तुम्ही सगळे ते बघत उभे आहात, हे एक कृष्णवर्णी सरदार गोऱ्या दरबाराला सांगतो. त्याचं वाक्य संपता संपता त्याचं डोकं उडवलं जातं. हा प्रसंग पुस्तकाहून जड आहे, आणि त्याचं वजन नटाच्या निवडीतून आलेलं आहे.

तेव्हा भाच्याला उशिरा दिलेलं उत्तर असं: गेडला गोरं केल्याने कथेतलं काम बंद पडलं. कॉर्लिसला काळं केल्याने कथेला नवं काम मिळालं आणि लेखकांनी ते करून घेतलं. पुस्तकाशी इमान हे दोन्हीकडे मोडलंच आहे. तो अजून पूर्ण पटलेला नाही.

पण या मापाने सगळीच नवी पात्रयोजना तरून जात नाही. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' मालेची २०२१ साली आलेली रूपांतरित मालिका घ्या. नायक रँड ज्या गावात वाढतो ते डोंगराच्या कुशीतलं, बाहेरच्यांनी विसरून गेलेलं गाव. तिथले लोक काळ्या केसांचे, काळ्या डोळ्यांचे. रँड एकटाच उंच, तांबड्या केसांचा, करड्या डोळ्यांचा. लोक त्याच्याकडे बघतात. पहिल्या पुस्तकातलं (१९९०) त्याच्या जन्माचं सगळं रहस्य या एका गोष्टीत आहे: हा इथला नाही. मालिकेत हे गाव जगातल्या सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांनी भरलेलं आहे. नट चांगले आहेत. पण जिथे प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसतो तिथे रँडचं वेगळेपण कुणाच्या डोळ्यात भरणार? खरं तर इथे एक दुर्मिळ संधी होती. सबंध गाव सावळं घ्यायचं आणि नायक एकटा गोरा. ते पुस्तकाला धरून झालं असतं, आणि गोरेपणा ही परकेपणाची खूण म्हणून पडद्यावर दिसली असती. गोहा कोळ्यासारखी. निर्मात्यांनी त्याऐवजी सगळ्यांना थोडं थोडं वाटून टाकलं. ती विविधता लग्नाच्या पंगतीतल्या पानासारखी वाटते: सगळं वाढलेलं, कुठलीच चव पुढे नाही.

मात्र कथेचं काम आणि माणसाचं काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. २०१० साली न्यूझीलंडमध्ये 'द हॉबिट'साठी गर्दीतले नट निवडताना पाकिस्तानी वंशाच्या एका बाईला तिचा रंग हॉबिट होण्यासाठी गडद असल्याचं सांगून परत पाठवलं गेलं. गवगवा झाल्यावर निवड करणाऱ्या माणसाला काढून टाकण्यात आलं. तिथे कथेचा प्रश्न नव्हताच, रोजगाराचा होता. गर्दीतल्या हॉबिटच्या रंगावर काहीही अवलंबून नाही, तेव्हा ते काम कुणालाही मिळायला हवं. आणि कथेचाच आधार घ्यायचा तर टोल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनेत हॉबिटांच्या तीन शाखा सांगितल्या आहेत आणि त्यातली हारफूट ही शाखा इतरांपेक्षा तपकिरी असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. २०२२ साली 'रिंग्ज ऑफ पॉवर'मध्ये लेनी हेन्री हारफूट झाला तेव्हा टोल्किनशी बेइमानी झाली म्हणून ओरडणाऱ्यांनी ती प्रस्तावना माझ्या गेडसारखीच वाचलेली असावी.

*

मराठी वाचकाला या सगळ्यात एक आपलं माणूस भेटतं, तेही हॉगवर्ट्समध्ये. पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकापासून (१९९७) त्या आहेत, आणि आडनाव चक्क पाटील. आपल्याला पाटील म्हटलं की वतन, चावडी, पोळ्याच्या दिवशी मानाची बैलजोडी असं बरंच काही दिसतं. सीमेपलीकडच्या कन्नड वाचकालाही दिसत असेल. पुस्तकात मात्र त्या आडनावामागे काहीच नाही. नाव हीच त्यांची सगळी ओळख. २००५ सालच्या 'गॉब्लेट ऑफ फायर' चित्रपटात त्यांना थोडी जागा मिळाली. भूमिका केल्या शेफाली चौधरी आणि अफशान आझाद या बांगलादेशी वंशाच्या दोन ब्रिटिश मुलींनी. नृत्याच्या प्रसंगात त्यांना नारिंगी-गुलाबी घागरा-ओढणीचा पोशाख दिला आहे, आणि पुस्तकात वेगवेगळ्या गृहांत असलेल्या या बहिणी चित्रपटात एकाच गृहात आहेत.

बंगाली मुलींनी पाटील का होऊ नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्याकडे पंजाबी नट मराठे झालेले आपण टाळ्या वाजवून पाहिले आहेत. मला लक्षात येतं ते एवढंच की पुस्तकाने जागा कोरी सोडली, आणि ती कोरी जागा चित्रपटाने कपड्यांनी भरली. लंडनमधल्या निवडीच्या टेबलावर 'दक्षिण आशियाई' नावाचा एकच खाना असतो. पाटील, चौधरी, आझाद तिघंही त्यात मावतात. गेडच्या बाबतीत लेखिकेने भरून ठेवलेलं रूपांतराने रिकामं केलं. पाटील बहिणींच्या बाबतीत रिकामंच होतं, रूपांतराने त्यावर ओढणी घातली. नट 'योग्य' वंशाचे असूनही काही घडत नाही ते अशा वेळी. लॅव्हेंडर ब्राऊनचं उदाहरण याच चित्रमालेतलं: सुरुवातीच्या चित्रपटांत, जिथे तिला बोलायला जवळपास काही नव्हतं, तिथे ती कृष्णवर्णी होती. सहाव्या चित्रपटात तिला रॉनची प्रेयसी म्हणून मोठी भूमिका आली, आणि भूमिकेबरोबर गोरी नटी आली.

२०१२ साली 'द हंगर गेम्स' आला तेव्हा रू या छोट्या मुलीच्या भूमिकेत अमांडला स्टेनबर्ग पाहून समाजमाध्यमांवर काही चाहते संतापले. रू काळी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सुझन कॉलिन्स यांनी २००८ सालच्या पुस्तकात तिचा गडद तपकिरी रंग स्पष्ट लिहिलेला आहे. त्या मुलांची बरीच टर उडवली गेली, आणि त्यातल्या काहींचं बोलणं खरोखर घाण होतं. मी मात्र त्या वेळी गप्प बसले. ते फक्त हुतात्मा चौकातल्या त्या प्रतीची वाचक होते, एवढाच फरक की त्यांच्या मनातली चूक पडद्याने सगळ्यांसमोर दाखवली आणि माझी कुणाला दिसली नाही.

२०१८ साली, ले ग्विन गेल्या त्याच वर्षी, अर्थसीची सगळी पुस्तकं एका खंडात आली, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह. चार वर्षं बाईंनी त्यांच्याबरोबर त्या चित्रांवर काम केलं होतं. गेड तिथे तांबूस-तपकिरी आहे, अगदी हवा तसा. भाच्याने तो जाडजूड खंड मला दिवाळीत भेट दिला. मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. पहिल्या प्रकरणात लोहाराचा पोरगा धुकं विणतो, भालेवाले कड्याकडे सरकतात, आणि चित्र शेजारच्या पानावर असूनही धुक्यात उभ्या असलेल्या पोराचा चेहरा मला दिसतो तो १९९३ सालचाच. मग ओगिऑनच्या तांब्याच्या रंगापाशी मी थांबते, चार पानं मागे जाते, आणि पोराला पुन्हा उभं करते. व्हेच येईपर्यंत हे दोनदा तरी करावं लागतं.